गट बटईने, सातबारा मालकाचा

केळीचा भाव, टिश्यूची रोपं, कापूस, नंदुरबारची मिरची, अहिराणी गाणी, गावच्या शाळेची जुनी बॅच. खान्देशात अशा प्रत्येक विषयाचा कुठे ना कुठे एक ऑनलाइन गट चालतो आणि त्यामागे दोन-तीन माणसं बिनपगारी राबत असतात. कोणी त्यांना ॲडमिन म्हणतं, कोणी मॉडरेटर. फेसबुकवर ही दोन पदं वेगळी आहेत. मॉडरेटर पोस्ट मंजूर करतो, काढतो, सदस्याला रोखतो. ॲडमिन हे सगळं करतोच, शिवाय दुसऱ्याला ॲडमिन नेमू शकतो आणि गटाची सेटिंग बदलू शकतो. दोघांच्याही वर एक तिसरा असतो, जो गटात कधी बोलत नाही. ती म्हणजे कंपनी. सर्व्हर तिचा, ॲप तिचं आणि नियम बदलण्याचा हक्कही तिचाच.

राबणाऱ्यांचं आणि या तिसऱ्याचं अधूनमधून वाजतं. ते का वाजतं आणि दर वेळी जवळजवळ सारखंच का संपतं, हे समजायचं तर आधी काम काय असतं ते पाहावं लागतं.

मॉडरेटर दिवसभर करतो काय

समजा रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांचा २० हजार सदस्यांचा फेसबुक गट आहे. सकाळी प्रवेशाच्या विनंत्या तपासायच्या. फेसबुक नव्या माणसाला तीन प्रश्न विचारू देतं. चांगला ॲडमिन ते वाया घालवत नाही: गाव कोणतं, लागवड किती झाडांची, शेतकरी की व्यापारी. उत्तर रिकामं, खातं गेल्या आठवड्यातलं आणि मित्रयादीत खान्देशातला एकही माणूस नाही, तर विनंती नाकारलेली बरी.

मग पोस्टी. भावाच्या पोस्टवर सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण लोक नुसता आकडा टाकतात. बऱ्हाणपूरचा की रावेरचा, आजचा की परवाचा, पहिल्या प्रतीचा की हलक्या, वापसीच्या मालाचा, काहीच नसतं. तेवढ्या आकड्यावर कोणी बांधावर सौदा करून मोकळा होतो आणि संध्याकाळी गटात शिव्या सुरू. म्हणून असे गट नियम करतात: तारीख, बाजार आणि प्रत नसेल तर पोस्ट निघेल. दुसरा त्रास आगाऊ रकमेच्या फसवणुकीचा. लागवडीचा हंगाम आला की ‘रोपं तयार, बुकिंगला निम्मे पैसे पाठवा’ अशा जाहिराती येतात. ठरावीक शब्द दिसले की पोस्ट अडवून ठेवायची सोय असते, पण फसवणारेही शिकतात. मोबाईल नंबर अक्षरांत लिहितात, फोटोत घालतात, शब्दाच्या मध्ये टिंब देतात. यादी सतत वाढवावी लागते.

भाषेचा प्रश्न वेगळाच. अहिराणी आणि लेवा बोली लोक कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत, प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे लिहितो. भावाभावांतली थट्टा कुठे संपते आणि खरी धमकी कुठे सुरू होते, हे कंपनीच्या यंत्राला नीट कळत नाही. चोपडा किंवा साक्रीच्या माणसाला एका वाचनात कळतं. कंपनी हे काम दूरवरच्या कार्यालयातून पैसे देऊनही इतकं चांगलं करून घेऊ शकत नाही. मॉडरेटरची किंमत आहे ती इथे.

ती किंमत मोजण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. नॉर्थवेस्टर्न आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या मॉडरेटरांच्या कामाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अंदाज होता दिवसाला किमान ४६६ तास. तासाला २० डॉलर धरले तर वर्षाला ३४ लाख डॉलर, म्हणजे कंपनीच्या २०१९ च्या उत्पन्नाच्या २.८ टक्के. हा कमीत कमी आकडा आहे. आपसात ठरवणं, सदस्यांची समजूत काढणं, रात्री आलेल्या धमक्या वाचणं असलं काम नोंदीत फारसं येतच नाही.

पण सगळं मॉडरेटरच्या हातात नसतं, याचा सर्वांत वाईट पुरावा खान्देशातलाच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. एखाद्या गटाच्या ॲडमिनने तो संदेश काढला असता तरी तो शेजारच्या शंभर गटांत फिरतच राहिला असता. संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा घालणं फक्त कंपनीला शक्य होतं. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. काही बटणं फक्त मालकाच्या हातात असतात, काही निर्णय फक्त स्थानिक माणूसच घेऊ शकतो, आणि दोघांनाही दुसऱ्याशिवाय चालत नाही.

रेडिटवर काय झालं

या भांडणाचं सर्वांत नीट नोंदलेलं उदाहरण रेडिटचं आहे. तिथे प्रत्येक विषयाचा वेगळा कट्टा आणि प्रत्येक कट्ट्याचे स्वयंसेवक मॉडरेटर. १८ एप्रिल २०२३ ला कंपनीने जाहीर केलं की एपीआयला पैसे पडतील. एपीआय म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने कंपनीच्या सर्व्हरकडे माहिती मागायची ठरलेली रीत. रेडिट वाचायची दुसऱ्यांनी बनवलेली ॲप्स तिच्यावरच चालत.

मे अखेरीस दर कळला: पाच कोटी मागण्यांना १२ हजार डॉलर. आयफोनवरचं अपोलो हे लोकप्रिय ॲप महिन्याला सुमारे ७०० कोटी मागण्या करत होतं. ७०० भागिले ५ म्हणजे १४०. त्याला १२ हजाराने गुणलं की महिन्याला १६ लाख ८० हजार डॉलर, वर्षाला सुमारे २ कोटी. एका वापरणाऱ्यामागे हा खर्च महिन्याला अडीच डॉलरच पडत होता. तेवढी वर्गणी वाढवून कदाचित जमलंही असतं. अडचण मुदतीची होती. दर १ जुलैपासून लागू आणि वर्षभराची वर्गणी आधीच भरलेले ग्राहक जुन्या किमतीला. अपोलो ३० जूनला बंद पडलं.

ॲप दुसऱ्याचं, मग मॉडरेटर का चिडले? कारण त्यांची अवजारं त्यावर होती. रेडिटच्या स्वतःच्या मोबाईल ॲपमध्ये मॉडरेटरची कामं अडखळत होत. तक्रारींची रांग पाहणं, एका सदस्याचा मागचा इतिहास तपासणं, एकाच कारणाने दहा पोस्टी काढणं, हे लोक बाहेरच्या ॲप्समधून किंवा स्वयंसेवकांनीच लिहिलेल्या ब्राउझर विस्तारातून करत. आपोआप पोस्टी तपासणारा ऑटोमॉडरेटरसुद्धा मुळात एका मॉडरेटरने बनवलेला. रेडिटने तो २०१५ मध्ये आपल्या यंत्रणेत घेतला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे बरेच लोक तर रेडिट वापरायला बाहेरच्या ॲप्सवरच अवलंबून होते. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने मॉडरेटरांचे बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्रॅम) आणि अपंगांसाठीची बिगर-व्यापारी ॲप्स दरातून वगळली, मिनिटाला १०० मागण्या फुकट ठेवल्या. बॉट वाचले, पण माणूस ज्या ॲपमध्ये बोटं चालवत होता ते गेलं.

१२ जूनला आठ हजारांहून जास्त कट्टे खासगी झाले, म्हणजे बाहेरच्या माणसाला काहीच दिसेना. पण बहुतेकांनी आधीच सांगून टाकलं होतं: ४८ तास. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना आतून कळवलं की हेही निघून जाईल. मुदत जाहीर केलेल्या बंदला मालकाने दुसरं काय उत्तर द्यायचं? तो दिवस मोजतो.

जे कट्टे ४८ तासांनंतरही उघडले नाहीत, त्यांच्या मॉडरेटरांना निरोप गेले: उघडा, नाहीतर उघडायला तयार असलेले दुसरे मॉडरेटर बसवू. हे करायला नवा नियम लागला नाही. कट्टा ओसाड टाकणाऱ्या मॉडरेटरला हटवण्याचा नियम होता. तोच ओढून बंदला लावला. मग काही जणांनी कट्टा उघडला, पण नियम असा केला की फक्त विनोदवीर जॉन ऑलिव्हरचेच फोटो टाकायचे. काहींनी कट्टा प्रौढांसाठीचा म्हणून नोंदवला. ही चाल हुशारीची होती, कारण तशा कट्ट्यांवर जाहिराती लागत नाहीत. खिशाला हात लागताच कंपनीने काही ठिकाणची सगळी मॉडरेटर मंडळी एका फटक्यात काढली.

याच दिवसांत एका मुलाखतीत हफमन म्हणाले की मॉडरेटर म्हणजे जमीनदार घराण्यांसारखे आहेत, जो आधी आला तो बसला, निवडून कोणी दिलं नाही. टीकेत थोडं तथ्य आहे. आधी आलेला मॉडरेटर नंतरच्याला काढू शकतो, उलट होत नाही, आणि काही जण तेव्हा शेकडो कट्टे धरून बसलेले होते. पण जमीनदार म्हणणं खान्देशातल्या माणसाला पटणार नाही. हे तर बटईने शेत करणारे. नांगरट त्यांची, निंदणी त्यांची, राखणही त्यांची. सातबारा मालकाच्या नावावर. बटईदाराला निदान निम्मं पीक मिळतं. इथे पिकात वाटाच नाही.

पीक लहान नव्हतं. २१ मार्च २०२४ ला रेडिटचे शेअर ३४ डॉलरला बाजारात आले. त्यासाठीच्या कागदपत्रांत कंपनीने लिहिलं होतं की लोकांनी लिहिलेला मजकूर दुसऱ्या कंपन्यांना वापरू देण्याचे २० कोटी ३० लाख डॉलरचे करार झाले आहेत. एपीआयला कुलूप घालण्यामागचं हे एक मोठं कारण. मॉडरेटरांना काय मिळालं? काही जणांना पहिल्या किमतीला शेअर विकत घ्यायची मुभा. विकत, बरं का.

शेवटी ३० सप्टेंबर २०२४ ला रेडिटने बदल केला की मोठा कट्टा खासगी करायचा असेल तर आधी कंपनीची परवानगी लागेल. २०२३ चा बंद ज्या बटणाने झाला ते बटणच काढून घेतलं.

पगार का देत नाहीत, आणि हातही का काढत नाहीत

कंजूषपणा हे अर्धं उत्तर. दुसरं अर्धं कायद्यात आहे. ते कळलं की कंपन्यांचं विचित्र वागणं समजायला लागतं.

नव्वदच्या दशकात अमेरिका ऑनलाइन या कंपनीकडे हजारो स्वयंसेवक गप्पांच्या खोल्या सांभाळत. तेव्हा इंटरनेट तासावर मिळायचं आणि स्वयंसेवकांना ते फुकट, म्हणजे मोबदला खरा होता. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने महिन्याला एकच ठरीव दर केला आणि मोबदल्याची किंमत एकदम घसरली. काम मात्र तेच राहिलं: ठरलेल्या वेळा, प्रशिक्षण, अहवाल. १९९९ मध्ये काही जण किमान वेतनासाठी न्यायालयात गेले. खटला अकरा वर्षं चालला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. कंपन्यांनी धडा घेतला: वेळापत्रक लावलं, हजेरी घेतली, हुकूम दिला की स्वयंसेवक नोकर ठरू शकतो.

दुसरा धडा लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळाच्या खटल्याचा. तिथल्या एका गटात नटनट्यांचे फोटो विनापरवाना लागत होते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने म्हटलं की मॉडरेटर कंपनीच्या सांगण्यावरून आणि देखरेखीखाली काम करत असतील, तर ते कंपनीचे हस्तक धरले जाऊ शकतात. तसं झालं तर ‘मजकूर लोकांनी टाकला, आम्ही नाही’ हा बचाव ढिला पडतो.

म्हणून मालक मधल्या जागेवर उभा राहतो. अधिकार सोडायचा नाही आणि जबाबदारीही घ्यायची नाही. ‘गट तुमचा आहे’ हे वाक्य त्याला दोन्हीकडून परवडतं: काही बिघडलं तर गट तुमचा, काही कमवायचं असेल तर सर्व्हर आमचा. चांगल्या मनाचे अधिकारी आले म्हणून हे बदलत नाही.

कोणता संप चालला

२०२३ च्याच जूनमध्ये, ५ तारखेला, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमर मंडळींच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मॉडरेटर संपावर गेले. चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर तिथे डिसेंबर २०२२ पासून बंदी होती. मे २०२३ च्या शेवटी कंपनीने मॉडरेटरांना सांगितलं की यंत्राने लिहिल्याच्या संशयावरून उत्तरं काढू नका. यांचा संप वेगळ्या प्रकारचा होता. दार लावलं नाही, हात थांबवले. तक्रारी निकाली काढणं बंद, स्पॅम ओळखणारा स्वयंसेवकांचा बॉट बंद. मुदत दिली नाही. मागण्या लेखी, थोड्या आणि कामाशी जोडलेल्या. बोलणी करायला निवडलेले प्रतिनिधी. ऑगस्टमध्ये तडजोड झाली: यंत्राचं लिखाण कसं ओळखायचं याचे निकष दोघांनी मिळून ठरवायचे आणि मजकुराच्या प्रती नियमित खुल्या करत राहायच्या.

ही शेवटची अट साधी दिसते, पण सर्वांत जड तीच आहे. तिथला मजकूर खुल्या परवान्याखाली आहे. मालक फारच बिघडला तर सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. विकिपीडियावरही तसंच. २००२ मध्ये जाहिराती येतील या शंकेने स्पॅनिश स्वयंसेवकांचा मोठा गट मजकूर घेऊन वेगळा झाला. विकिपीडियावर आजही जाहिरात नाही. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना हाच परवाना लागू आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, रेडिटवर तो नाही.

आपल्या गटाचं काय

जळगावचा केळी गट मेटाशी, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीशी, संप करून जिंकणार नाही. हे स्वच्छ मान्य केलेलं बरं. करण्यासारखं आहे ते वेगळं: मालकाने उद्या कुलूप लावलं तरी माणसं आणि माहिती आपल्याकडे राहिली पाहिजे. असं कुलूप लागतं. एप्रिल २०२४ मध्ये फेसबुकने गटांसाठीची एपीआय बंद केली आणि बाहेरच्या साधनांतून वेळ लावून पोस्टी टाकणाऱ्यांची सोय गेली. जून २०२५ मध्ये असंख्य गट एकाच वेळी निलंबित झाले. मेटाने नंतर तांत्रिक चूक मान्य केली.

पहिलं काम सदस्यांची वही. फेसबुक ॲडमिनला सदस्यांचे फोन नंबर देत नाही. प्रवेशाच्या वेळीच गुगल फॉर्मवर नाव, गाव, नंबर घ्यावा, कशासाठी घेतोय ते लिहावं आणि संमतीची खूण करून घ्यावी. ही यादी गटात टाकू नये. दोन ॲडमिनकडे, एक संगणकावर आणि एक छापील.

ॲडमिन किमान तीन, वेगवेगळ्या गावांतले. व्हॉट्सॲपवर एकुलता ॲडमिन गट सोडून गेला की यंत्र कोणत्याही सदस्याला ॲडमिन करतं, मग तो नेमका रोपांची जाहिरात करणारा का असेना. आणि ॲडमिनचं सिम चालू हवं. रिचार्ज न करता पडून राहिलेला नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं मिटतं. टू-स्टेप पिन तिघांनीही लावावा. टेलिग्रामवर मालकी दुसऱ्याला देता येते, पण टू-स्टेप किमान सात दिवस आधीपासून चालू असेल तरच. भांडण पेटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

प्रत महिन्याला काढावी. व्हॉट्सॲपची निर्यात फोटोंसह शेवटच्या १० हजार संदेशांची आणि फोटोंशिवाय ४० हजारांची होते. गजबजलेल्या भावाच्या गटात तेवढे संदेश लवकर भरतात, म्हणून वर्षातून एकदा करून चालत नाही. टेलिग्रामची प्रत संगणकावरच्या ॲपमधून निघते. फेसबुक गटाची अशी प्रत काढायची सोय नाही; कामाच्या पोस्टी, जसं करप्यावरची फवारणी किंवा सीएमव्ही या विषाणू रोगाची रोपं ओळखायची खूण, त्या आपल्याच फाइलमध्ये उतरवून ठेवाव्यात.

पोलिसांची भीती बऱ्याच ॲडमिनना असते. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह संदेशासाठी, समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर, व्हॉट्सॲप ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही; संदेश येण्याआधी तो अडवण्याची ताकद त्याच्याकडे नसते. अर्थात स्वतः अफवा पुढे पाठवली किंवा टाकणाऱ्याला चिथावलं, तर ही ढाल नाही.

गट बंद झाला तर आधी ॲपमधलं अपील करावं आणि सोबतच कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावं. देशात ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांचा हा अधिकारी भारतातच राहणारा असावा लागतो. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच द्यावी लागते. निकालाची मुदत मूळ नियमांत १५ दिवस होती. गटाचा दुवा, बंदची तारीख, आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट आणि कोणता नियम मोडल्याचं सांगितलं, एवढं जोडावं. गटाची थोरवी लिहू नये. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. त्या उत्तराची तारीख जपावी.

आणि जागा बदलायचीच झाली, तर जुना गट मिटवू नये. त्यात फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग लावून तो सहा महिने ठेवावा. नवा दुवा फक्त जुन्या गटात टाकून भागत नाही. दुसऱ्या ॲपचा दुवा किती जणांना दिसेल हे पुन्हा मालकाचंच यंत्र ठरवतं. वहीतल्या नंबरांवर एसएमएस जावा, रोज भाव टाकणारे आणि उत्तरं देणारे पंधरा-वीस जण आधी हलवावेत आणि नव्या ठिकाणी सकाळचा भाव जुन्या गटाच्या तासभर आधी लागावा. दुवा बाजार समितीच्या फलकावर आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर छापूनही लावावा.